खार जमीनसुधारणा, रायगड किनाऱ्यावरील

समुद्राच्या वा खाडीच्या भरतीखाली जाणारी, किंवा भरतीचे पाणी झिरपून खारावलेली सखल जमीन बांध घालून पाण्यापासून तोडून घेणे, तिच्यातील क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन काढणे आणि ती भातशेतीस योग्य करणे, या सर्व प्रक्रियेस खार जमीनसुधारणा म्हणतात. कोकण किनाऱ्यावर ही प्रक्रिया ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वत्र आढळते. तथापि तिचा सर्वांत मोठा विस्तार व सर्वांत घडामोडींचा इतिहास पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात आहे. येथील खार जमिनीचा इतिहास केवळ शेतीतंत्राचा नाही. समुद्राकडून मिळविलेली जमीन कोणाची, बांध घालणाऱ्याची, बांधासाठी पैसा पुरविणाऱ्याची की सनद देणाऱ्या सरकारची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

भूमी व भरती : रायगडचा किनारा अनेक खाड्यांनी आत कापला गेला आहे. उत्तरेस पनवेल व करंजा येथील खाड्या, मध्यभागी पाताळगंगा व अंबा या नद्यांचे पाणी घेणारी धरमतरची खाडी, तिच्या दक्षिणेस कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, त्यापुढे राजपुरीची खाडी आणि अगदी दक्षिणेस सावित्रीचे बाणकोटजवळचे मुख अशी त्यांची रचना आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या या नद्या लांबीने आखूड असल्या, तरी पावसाळ्यात बेसाल्टी खडकाचा पुष्कळ गाळ वाहून आणतात. खाडीत प्रवाह मंदावला, की हा गाळ खाली बसतो. त्यावर तिवरांची झाडी वाढते, तिवरांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो आणि कालांतराने उधाणाच्या भरतीखेरीज एरवी न बुडणारे खाजण तयार होते. खार जमीन ही या खाजणावर माणसाने केलेली पुढची क्रिया होय. धरमतर खाडी व अलिबागच्या टेकड्या यांमधील गावांचा सलग सखल प्रदेश खारेपाट या नावाने ओळखला जातो. चरी, शहापूर, धेरंड, शहाबाज, पोयनाड ही त्या परिसरातील गावे. पेण, उरण व पनवेल या तालुक्यांतही अशा जमिनी विपुल होत्या.

समुद्राच्या दर किलोग्रॅम पाण्यात सु. ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांत मिठाचे प्रमाण सर्वाधिक असते. खाडीची माती चिकण असल्याने क्षार तिच्या कणांना धरून राहतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता प्रतिमीटर ४ डेसीसीमेन्सहून अधिक झाली, म्हणजे ती जमीन लवणयुक्त समजतात. उन्हाळ्यात भूपृष्ठाजवळचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, त्याची वाफ होते व मागे पांढरा थर उरतो. याच्या उलट क्रिया पावसाळ्यात घडते. या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे गोडे पाणी शेतात साठवून ओहोटीच्या वेळी खाडीत सोडले, की वरच्या थरातील क्षार त्याबरोबर निघून जातात. खार जमीनसुधारणेचे सर्व तंत्र या दोन विरुद्ध क्रियांच्या हिशेबावर उभे आहे. खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही आणि गोडे पाणी वापरून झाल्यावर बाहेर जाऊ द्यावयाचे, इतकाच त्याचा सिद्धांत. परंतु तो दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीसमोर अमलात आणावयाचा असतो.

बांध व उघाडी : खाडीच्या बाजूचा मुख्य बांध खाजणातीलच चिकणमातीचा असतो. तो पावसाळा संपून जमीन आवळली म्हणजे घालावयास घेतात. दोन्ही टोकांकडून बांध पुढे नेत अखेरीस मधली वाट उरते. तीतून भरतीचे पाणी मोठ्या वेगाने आत-बाहेर करीत असल्याने हा शेवटचा भाग बुजविणे सर्वांत कठीण असते. म्हणून त्यासाठी भांगाची भरती, म्हणजे जिची चढ-उतार सर्वांत कमी असते ती, निवडतात आणि पुष्कळ माणसे एकाच वेळी लावून एका ओहोटीत ते काम उरकतात. पाण्याच्या माऱ्याच्या जागी बांधाच्या बाहेरील अंगास दगडांचे अस्तर देतात. बांधाबाहेर तिवरांचा पट्टा राखणे हाही जुना रिवाज होय. लाटांचा जोर या झाडीत मोडतो व बांध टिकतो.

बांधात ठिकठिकाणी पाण्याची दारे बसवितात. त्यांस उघाडी म्हणतात. उघाडीचे झाप केवळ बाहेरच्या बाजूस उघडतील असे टांगलेले असतात. भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याचा दाब त्यांना मिटवतो. ओहोटी लागली व आतल्या पाण्याची पातळी वर राहिली, की तेच झाप आतल्या दाबाने उघडतात. माणसाने हात न लावता चालणारी ही योजना असली, तरी झापाखाली लाकूड वा दगड अडकला, तर एका रात्रीत खारे पाणी शेतात पसरते. बांधाचे दुसरे शत्रू म्हणजे खेकडे व उंदीर. त्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागते, भोक रुंदावते आणि उधाणाच्या रात्री बांध फुटतो. अशा फुटीस स्थानिक भाषेत खांड म्हणतात. खांड वेळीच बुजविली नाही, तर काही हंगामांच्या मेहनतीने गोडी झालेली जमीन पुन्हा खारी होते.

या कारणाने बांधाची देखभाल ही कोणा एका शेतकऱ्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. एका बांधाच्या आत ज्यांची शेते, त्या सर्वांनी मिळून बांध राखावयाचा, अशी व्यवस्था खारेपाटात होती. तिला जोळ हे नाव आहे. पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, उघाडीची राखण व खांड पडल्यास धावून जाणे ही कामे जोळामार्फत होत. बांधाचा एक भाग दुर्बल राहिल्यास सर्वांचेच पीक जात असल्याने या व्यवस्थेतील शिस्त कोणाच्या आज्ञेपेक्षा परस्परांच्या गरजेवर अवलंबून होती.

लागवड : खार जमिनीतील भाताची लागवड डोंगरपायथ्याच्या जमिनीहून भिन्न आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गोड्या जमिनीत रोप तयार करण्यापूर्वी दाढीवर शेण, पाला, फांद्या व गवत पसरून ते जाळण्याचा, म्हणजे राब भाजण्याचा, प्रघात आहे. खार जमिनीत पहिल्या पावसाने क्षार खाली गेल्यावर मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत विशेष रूढ झाली. भाताचे रोप कोवळेपणी आणि फुलोऱ्याच्या वेळी क्षारांस सर्वाधिक बळी पडते. म्हणून पहिला जोराचा पाऊस व पेरणी यांतील मेळ साधणे हे येथील शेतकऱ्याचे मुख्य कौशल्य होय. पेरणीनंतर पावसाने दीर्घ ओढ दिली, तर क्षार पुन्हा वर येतात व रोपे करपतात. या परिस्थितीत टिकणाऱ्या लाल दाण्याच्या राता जाती शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखल्या. काळा राता व भुरा राता ही त्यांतील प्रसिद्ध नावे असून पुढे शास्त्रज्ञांनी क्षारसहिष्णुतेच्या अभ्यासात त्यांचाच आधार घेतला. भाताच्या जोडीस शेतालगतच्या तळ्यांत पावसाचे पाणी साठवून जिताडा मासा वाढविणे हेही खारेपाटाच्या अर्थव्यवस्थेचे एक अंग आहे.

शिलोत्री पद्धती : खाजणे लागवडीस आणण्याचा उद्योग या किनाऱ्यावर जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आंग्रे व पेशवे यांच्या अमलात, त्यास विशेष चालना मिळाल्याचे दिसते. बांध घालून नव्याने काढलेल्या अशा जमिनींस शिलोत्री म्हणत व बांधाचा भार उचलणाऱ्या प्रमुखास शिलोत्रीदार. नव्या जमिनीवर आरंभी सारा माफ असे किंवा अत्यल्प असे. शिलोत्रीदार कुळाकडून सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात घेई. हे शिलोत्री मण होय. त्याच्या मोबदल्यात बाहेरचा बांध सुस्थितीत राखण्याची जबाबदारी त्याच्यावर होती, तर आतले लहान बांध कुळांनी सांभाळावयाचे होते. पद्धतीचा मूळ हेतू स्पष्ट आहे. बांध हे सामायिक काम असल्याने त्याचा खर्च सर्वांकडून धान्यरूपाने गोळा करावा आणि ते एका जबाबदार व्यक्तीकडून करून घ्यावे, असा तो होता. काळाच्या ओघात काही ठिकाणी मण घेण्याचा हक्क वंशपरंपरेने टिकला व बांध राखण्याचे कर्तव्य मात्र शिथिल झाले.

१८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले व १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. इंग्रजी अमलात खाजणे लागवडीसाठी देताना पहिली दहा वर्षे सारामाफी, पुढील वीस वर्षे एकरी चार आणे आणि त्यानंतर पूर्ण आकार, असे नियम करण्यात आले. ठरावीक मुदतीत जमीन लागवडीस आली नाही, तर ती सरकारजमा होई. या अटी भांडवल असलेल्या व्यक्तीस सोयीच्या होत्या. ज्याच्यापाशी केवळ फावडे, घमेले व घरातील माणसे होती, त्यास तीस वर्षांच्या हिशेबात भाग घेणे शक्य नव्हते. त्यामुळे बांधावर काम केलेला मनुष्य पुष्कळदा त्याच बांधाच्या आत दुसऱ्याचे कूळ म्हणून राहिला.

ग्रंथ व अनुभव : किनाऱ्यावरील दलदल व खाजण सुधारण्याचा प्रश्न त्याच काळात जगाच्या इतर भागांतही शेतीविचाराच्या केंद्रस्थानी होता. उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत शेतीवर लिहिला गेलेला पहिला महत्त्वाचा ग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो जॅरेड एलियट (१६८५–१७६३) याचा न्यू इंग्लंडमधील शेतीविषयीचा निबंधसंग्रह होय. एलियट हा कनेक्टिकटमधील किलिंगवर्थ या गावचा धर्मोपदेशक व वैद्य. रुग्ण पाहण्यासाठी गावोगाव हिंडताना लोक शेती कशी करतात, ते तो निरखीत असे. १७४८ पासून त्याने एकेक निबंध स्वतंत्रपणे छापण्यास आरंभ केला व असे सहा निबंध १७६० मध्ये बॉस्टन येथे एकत्र प्रसिद्ध झाले. दलदलीचा निचरा, खतांचा व चुनखडीयुक्त मातीचा उपयोग, लाल क्लोव्हर या गवताची लागवड आणि पेरणीयंत्र हे त्याचे प्रमुख विषय होत. बेंजामिन फ्रँक्लिन याच्याशी या विषयांवर त्याचा पत्रव्यवहार होता. मूळ आवृत्तीच्या प्रती आज दुर्मिळ आहेत. १९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने हॅरी कार्मन व रेक्सफर्ड टगवेल यांनी संपादित केलेली आवृत्ती काढल्यावर तो ग्रंथ अभ्यासकांस सहज उपलब्ध झाला.

एलियटचे महत्त्व त्याने सांगितलेल्या युक्त्यांपेक्षा त्याच्या रीतीत अधिक आहे. कसून निकस झालेली जमीन टाकून नव्या जमिनीकडे जाण्याची त्या वसाहतींतील सवय त्याला घातक वाटत होती. हाताशी असलेली जमीनच सुधारली पाहिजे, हे त्याने स्वतःच्या शेतावरील प्रयोगांच्या आधारे, साध्या शेतकऱ्यास समजेल अशा भाषेत मांडले. मात्र तो ज्यांच्यासाठी लिहीत होता, तो शेतकरी बहुधा स्वतःच्या जमिनीचा मालक होता. निचऱ्याचा चर त्याने खणला, तर त्याचे फळ त्याच्याच घरी येणार होते. ही जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून गेलेली होती, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग. परंतु लेखक व वाचक यांच्यात सुधारणेच्या लाभाविषयी शंका नव्हती.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर असा ग्रंथ लिहिला गेला नाही. बांध कोठे व कसा घालावा, उघाडी किती उंचीवर बसवावी, कोणत्या खाजणास कोणते बी मानवते, हे ज्ञान आगरी, कोळी व इतर कष्टकरी समाजांच्या हातांत व बोलीत होते. त्याची लेखी नोंद झाली ती मुख्यतः महसुलाच्या कागदांत. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कुलाबा व जंजिरा या खंडात खार जमिनी, त्यांची लागवड व शिलोत्री हक्क यांची माहिती आहे; पण ती सारा ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने एकत्र केलेली आहे. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहिला. त्यात डोंगरउतारावरील सकस माती वाहून जाऊ नये म्हणून ताली व बंधारे घालावेत आणि त्यासाठी सरकारने लष्करातील व पोलीस खात्यातील शिपायांचे श्रम उपयोगात आणावेत, अशी सूचना आहे. फुल्यांचा विषय प्रामुख्याने देशावरचा शेतकरी असला, तरी जमिनीची सुधारणा व शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र पाहिले, ही गोष्ट खार जमिनीच्या पुढील इतिहासासही लागू पडते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीच्या पाहणीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या कौशल्याची मोकळेपणाने दखल घेतली व राबाच्या पद्धतीचीही चर्चा केली. देशी शेतकऱ्याचे ज्ञान अडाणीपणाचे नाही, ही जाणीव त्यानंतर शेतकी खात्यात हळूहळू रुजू लागली.

चरीचा संप : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा जिल्ह्यात खोत व सावकार यांच्या हाती बरीच भातजमीन गेली होती. उत्पन्नाचा मोठा हिस्सा खंडाच्या रूपाने द्यावा लागे. त्याशिवाय वेठ व इतर बाबी होत्या. खार जमिनीवरील कुळाची तक्रार अधिक तीव्र होती, कारण बांध राखण्याचे श्रम त्याचे असून त्यावर त्याचा लेखी हक्क काहीच नव्हता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे पंचवीस गावांतील शेतकऱ्यांची सभा भरली व खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेण्यात आला. नारायण नागू पाटील हे या लढ्याचे प्रमुख नेते होते; कोकण प्रांत शेतकरी संघाचे अनंत विनायक चित्रे यांचा त्यास आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरीस येऊन शेतकऱ्यांस पाठिंबा दिला.

हा संप १९३९ पर्यंत, सु. सहा वर्षे, चालला. शेतकऱ्याने पीक न काढण्याचा संप करणे म्हणजे स्वतःच्या अन्नावर पाणी सोडणे होते. लाकूडफाटा विकणे, खाडीत मासे धरणे, मिळेल ती मोलमजुरी करणे, यांवर कुटुंबांनी दिवस काढले. खारेपाटात या निर्णयास आणखी एक अर्थ होता. गोड्या पाण्याने दरसाल धुतली जाणारी व दरसाल बांध राखून वाचविली जाणारी जमीन पडीक ठेवणे, हे तेथील शेतकऱ्यास किती जड गेले असेल, याची कल्पना बांधाचे तंत्र ध्यानात घेतल्याशिवाय येत नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. याच वर्षी अलिबागहून कृषीवल हे पत्र सुरू झाले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेण्यात आला. १९३९ च्या मुंबई कुळकायद्याने संरक्षित कूळ ही संज्ञा प्रथम आणली व जमीन ठरावीक काळ कसणाऱ्यास सहजासहजी काढून टाकता येणार नाही, हे तत्त्व मान्य झाले. पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा व १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनी ते दृढ केले. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन म्हणून ठरविण्यात आला आणि त्या दिवसापासून कुळे कायद्यातील अटींनुसार कसत्या जमिनीची मालक मानली गेली.

स्वातंत्र्योत्तर काळ : कूळ मालक झाल्याने हक्काचा प्रश्न सुटला, पण बांधाचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. जुन्या व्यवस्थेत बांधाचा खर्च, मनापासून असो वा नाइलाजाने, शिलोत्रीदार वा खोत यांच्याकडे मागता येत असे. आता एका बांधाच्या आत शेकडो लहान मालक झाले. हे ओळखून १९४८ मध्येच मुंबई खार जमीन कायदा करण्यात आला व खार जमीन विकास मंडळ स्थापन झाले. बांधांच्या योजना मंडळाने आखाव्यात व खर्चाचा भार शासन आणि लाभधारक यांनी वाटून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ याने शासनाची जबाबदारी अधिक व्यापक केली. त्यानंतर बांधांची बांधणी व दुरुस्ती पाटबंधारे खात्याच्या, म्हणजे आताच्या जलसंपदा विभागाच्या, खारभूमी यंत्रणेकडे आली. रायगडसाठी तिचे विभागीय कार्यालय पेण येथे आहे. सिमेंट-काँक्रीटच्या उघाड्या व रुंद माथ्याचे बांध ही या काळातील भर होय. मात्र बांध सरकारचा झाल्यावर जोळाची जुनी शिस्त बऱ्याच गावांत सैल झाली. खांड पडल्यावर अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत उधाण थांबत नाही, ही अडचण सरकारी व्यवस्थेत अंगभूत आहे.

संशोधनाच्या क्षेत्रात दोन केंद्रांचा उल्लेख आवश्यक आहे. कर्जत येथे १९१९ पासून भातसंशोधन चालू असून पनवेल येथे खार जमीन संशोधन केंद्र आहे. १९७२ मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ही केंद्रे आली. पनवेल केंद्राने निवडलेल्या पनवेल–१, पनवेल–२ व पनवेल–३ या भाताच्या जाती क्षार सहन करणाऱ्या व पांढऱ्या दाण्याच्या जुन्या मागणीस अधिक जवळच्या आहेत.

नागरीकरण व उद्योग : १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीसाठी पनवेल व उरण या तालुक्यांतील भातखाचरे, खाजणे व मिठागरे मोठ्या प्रमाणावर संपादित झाली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकास परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर किनाऱ्याचे रूप आणखी पालटले. पुढे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील जमिनी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे जनमत अजमावण्यात आले. भूसंपादनापूर्वी असा कौल घेतला जाणे ही दुर्मिळ घटना होती. तो प्रकल्प पुढे बारगळला. धेरंड-शहापूर परिसरातही वीजप्रकल्पांसाठी खार जमिनी घेण्यास विरोध झाला.

या विवादांत एक युक्तिवाद वारंवार येतो. खांड पडून खारावलेली जमीन नापीक समजावी व म्हणून ती उद्योगास द्यावी, असे एक पक्ष म्हणतो. बांध वेळीच दुरुस्त झाला असता, तर ती नापीक झालीच नसती, असे दुसरा. खार जमिनीची सुपीकता ही तिचा अंगचा गुण नसून दरवर्षी नव्याने राखावी लागणारी स्थिती आहे, हे ध्यानात घेतल्यास दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इतिहासाशी अधिक जुळते.

सद्यःस्थिती : मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली व १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम केले. कांदळवन हे मत्स्यबीजाचे आश्रयस्थान व वादळाविरुद्धचे नैसर्गिक कुंपण असल्याने हे संरक्षण योग्यच आहे. परंतु बांध फुटून राहिलेल्या शेतात काही वर्षांतच तिवरे उगवतात आणि मग ती जमीन पुन्हा शेतीखाली आणण्यास कायद्याची अडचण येते. दुरुस्तीस झालेला विलंब अशा रीतीने शेतकऱ्याच्या हक्कावर कायमचा परिणाम करतो. समुद्रपातळी वाढत असल्याने आणि मोठ्या उधाणांचा उपद्रव वाढण्याची शक्यता असल्याने बांधांची उंची व उघाड्यांची पातळी यांचा फेरविचार आवश्यक ठरला आहे.

गोव्यातील खाजन शेतीशी तुलना केल्यास रायगडचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे बांध व मानस, म्हणजे पाण्याची दारे, गावकरीच्या सामुदायिक अधिकाराखाली होती. समुदाय हाच मालक व राखणदार होता. रायगडात राखणदारी जोळाची, मालकी शिलोत्रीदाराची वा खोताची आणि अंतिम अधिकार सरकारचा, अशी विभागणी दीर्घकाळ राहिली. जमीन सुधारली तेव्हा तिची किंमत वाढली आणि किंमत वाढली तेव्हा तीवरील दावे वाढले. चरीच्या संपाने कसणाऱ्याचा दावा कायद्यात आणला. मात्र बांधाची सामुदायिक राखण आणि जमिनीची वैयक्तिक मालकी यांचा मेळ घालणारी टिकाऊ व्यवस्था अद्याप स्थिर झालेली नाही. जोळाचा अनुभव, संशोधन केंद्रांचे ज्ञान व शासनाचा निधी यांस एकत्र आणणे, हे खारेपाटातील शेतीच्या भवितव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम होय.